महाकथेचा अखेरचा चित्रपट

मोठी कथा आरंभिणें सोपें. ती शेवटास नेणें कठीण. रावण पडला, पुष्पक विमान अयोध्येस उतरलें, म्हणजे रामकथा संपली असें अलिबाग-मुरूडकडील बालकांस वाटेल. परंतु कथेचा बिकट भाग त्यापुढेंच आहे.

मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सचे दिग्दर्शक विजय भट्ट यांनीं ही कथा तीन चित्रपटांत मांडली : 'भरत मिलाप' (१९४२), 'रामराज्य' (१९४३) व 'रामबाण' (१९४८). तिन्हींत प्रेम अदीब यांनीं रामाची व शोभना समर्थ यांनीं सीतेची भूमिका केली. पहिल्या चित्रपटांत भरत झाले शाहू मोडक. अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांतील या नटाचें स्मरण आम्हांस विशेष आनंद देतें.

आतां क्रम पाहा. सीताहरण व लंकेचें युद्ध 'रामबाणां'त आहे. म्हणजे मधला भाग सर्वांत शेवटीं निघाला, आणि कथेचा शेवट पांच वर्षें आधींच. तरी प्रेक्षकांनीं गोंधळण्याचें कारण नव्हतें. कीर्तनांतून व आजीच्या तोंडून कथा सर्वांस ठाऊक होती.

'रामराज्य' ही विजयानंतरची कथा. लोकापवादासाठीं राजा निरपराध पत्नीस वनांत धाडतो. अखेर लवकुश पित्यास भेटतात, पण सीता सिंहासनावर न बसतां धरणीच्या पोटांत जाते. १९४४ सालीं जुहू येथें गांधीजींनीं हा चित्रपट पाहिला.

पाश्चात्त्यांकडील एक उदाहरण घेऊं. टोल्कीन या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवरून पीटर जॅक्सन यांनीं न्यूझीलंडमध्यें तीन चित्रपट एकत्रच चित्रित केले. पैकीं शेवटचा, 'द रिटर्न ऑफ द किंग', २००३ सालीं आला व त्यास ११ ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. त्यांत दुष्टाची अंगठी ज्वालामुखींत नष्ट होते, खऱ्या राजास राज्य मिळतें. पण जो फ्रोडो ती अंगठी गळ्यांत वाहून नेतो, त्याची जखम घरीं परतूनही भरत नाहीं. शेवटीं तो गलबतांत बसून समुद्रापार निघून जातो.

शत्रू मेला तरी विजयाचें मोल कोणास तरी द्यावें लागतें, हें दोन्ही शेवट सांगतात. पालकांस आमची विनंती एवढीच : चित्रपट पाहून आलेली मुलगी जर विचारील, 'सीतेचा अपराध कोणता?' तर तिला गप्प बसवूं नका. त्या प्रश्नासाठींच तर कथा एवढी लांबविली आहे.