उंबर फोडून पाहताना

उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं जुनी माणसं सांगत. चाकणजवळ ओढ्याकाठच्या एका उंबराखाली मी नेमकं तेच केलं. खोडालाच घोसानं लगडलेलं एक फळ तोडलं, अजून पुरतं लाल न झालेलं, आणि नखानं फोडलं. आत मुंगीहून बारीक पंखवाल्या कीटकांची, म्हणजे केंबरांची, दाटी होती. काही क्षणांत त्या माद्या माझ्या हातावरून उडूनही गेल्या.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात, कारण असंख्य फुलं त्या फळाच्या आतच असतात. या कीटकाची मादी फळाच्या टोकाच्या चिंचोळ्या छिद्रातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती परागीकरण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर वाट पोखरतात, माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि त्यानंतर फळ पिकून लाल होतं. बाहेर पडलेल्या मादीच्या हाती जेमतेम एखाद-दुसरा दिवस असतो. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतली फळं असलेला उंबर गाठायचा असतो, आणि बहुतेक वेळा तो दुसराच असतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नातं वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे.

म्हणून एकटा उंबर पुरत नाही. पंचक्रोशीत अनेक हवेत. प्रत्येकाचा बहर वेगळ्या वेळी येतो, त्यामुळे इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही कुठेतरी उंबर पिकलेला सापडतो. तांबट, बुलबुल, कोकीळ, हरियाल, राखी धनेश दिवसा येतात, वटवाघळं रात्री.

चिंचवड-चाकण-तळेगावच्या आपल्या कारखानदारी पट्ट्यात गावांची नावंच झाडांवरून आहेत. चिंचवडमध्ये चिंच आणि वड, तळेगाव एमआयडीसीलगतच्या नवलाख उंबरेमध्ये तर उंबर. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी पिंपरीच्या कारखान्याच्या आवारात तळं केलं, झाडं लावली, तिथे पक्षी आले. कारखाना आणि झाड एकत्र नांदू शकतात, हे इथेच दिसलेलं आहे. तरी आज कंपन्यांच्या कुंपणाला कोनोकार्पसच्या हिरव्या भिंती उभ्या राहतात आणि टेकड्यांवर गिरिपुष्प माजलेलं आहे. हिरवं दिसतं, पण तांबटाच्या पोटात त्यातलं काही जात नाही.

महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 50 वर्षांहून जुन्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावायची, अशी तरतूदही आली. पण उंबराच्या बदली वेगळीच रोपं लागली, तर हिशेब कागदावर जुळतो, त्या मादीला मात्र उतरायला फांदी उरत नाही.

लावणं अवघड नाही. पिकलेलं फळ कुस्करून चाळलेल्या मातीवर पसरा, बी अगदी बारीक असतं, वर माती लोटू नका, नुसता ओलावा राखा. भिंतींच्या फटीत पक्ष्यांनी रुजवलेलं रोप मिळालं, तर मुळासकट अलगद सोडवून घ्या. पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. इमारत आणि पाण्याची पाइपलाइन यांपासून लांब, ओढ्याच्या किंवा नाल्याच्या कडेला. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्या, गुरांपासून जपा.

यंदा तुमच्या कंपनीत वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला, तर रोपांच्या यादीत उंबर आहे का ते विचारा. नसेल, तर एक नव्हे, पाच-दहा लिहून द्या आणि शेजारच्या कंपनीलाही तेच सांगा.