सीमेवरची दोन गावे : पेण, रोहा आणि तेथील आपले शेजारी

कोकण रेल्वेने गोव्याला जाणाऱ्या आपल्या बांधवांना रोहा हे स्थानक बहुधा एकाच कारणासाठी ठाऊक असते. येथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. रूळ तसेच, गाडीही तीच. खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला काही बदलल्याचे जाणवतही नाही. रोह्याचा इतिहासही काहीसा असाच आहे. एकाची सत्ता जेथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, अशा जागी हे गाव शेकडो वर्षे वसलेले आहे. त्याच्या उत्तरेकडील पेणची कथाही फारशी वेगळी नाही.

सीमेवरच्या मिश्र वस्तीच्या गावांचा विषय निघाला की आपल्याला युरोपातील बाल्कन प्रदेश आठवतो. बोस्नियातील मोस्तार या शहरात कॅथलिक, मुसलमान आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती नेरेत्वा नदीच्या दोन तीरांवर पिढ्यान्‌पिढ्या नांदले. १९९३ साली युद्धात त्या नदीवरचा जुना पूल तोफांनी पाडला गेला आणि २००४ मध्ये तो पुन्हा बांधला गेला, हे वृत्त आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. परंतु अशी गावे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहेत, याची जाण आपल्याला फारशी नसते. येथे पूल पडला नाही. येथे जे घडले ते अधिक शांतपणे घडले.

प्रथम भूगोल ध्यानात घेऊ. कुंडलिका नदी सह्याद्रीतून उतरते, कोलाडवरून रोह्यास येते आणि पुढे खाडी होऊन रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. नदीच्या एका तीरावर रोहा आणि समोरच्या तीरावर अष्टमी, अशी ही जोडगावे असून दोहोंची नगरपरिषद एकच आहे. खाडीच्या मुखाशी पोर्तुगीज बसले होते. रेवदंड्यास त्यांचे चौल हे तटबंदीचे शहर होते, आणि पैलतीरावरचा कोर्लईचा डोंगरी किल्ला त्यांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकून घेतला. खाडीच्या दक्षिणेस जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख होता. हे सिद्दी मूळचे आफ्रिकेतील हबशी. त्यांच्या संस्थानाची उत्तर सीमा साधारणपणे कुंडलिकेची खाडीच असे, आणि ते संस्थान १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकले. वर अलिबागकडे आंग्रे, पेणच्या बाजूस पेशवे. पेण १८१८ साली इंग्रजांकडे गेले. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान मात्र १८४० पर्यंत राहिले. भरतीच्या पाण्याबरोबर चालणाऱ्या गलबताच्या तांडेलाला एका फेरीत किती सरकारांना जकात द्यावी लागत असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

या सीमेचे रक्षण करण्यासाठी रोह्याभोवती अवचितगड, घोसाळगड, बिरवाडी, सुरगड असे किल्ले उभे राहिले. त्यांपैकी सुरगडावरील शिलालेख आम्हांला विशेष बोलका वाटतो. तो देवनागरी आणि अरबी अशा दोन लिप्यांत कोरलेला आहे. आज्ञा सिद्दीची, आणि हवालदाराचे नाव तुकोजी हैबत. धनी आफ्रिकन वंशाचा मुसलमान, किल्ल्यावरचा अंमलदार मराठा आणि दगड दोघांच्याही लिपीत बोलणारा! सीमेवरची माणसे निष्ठा बदलत, असा ठपका इतिहासकार त्यांच्यावर सहज ठेवतात. आमच्या मते सीमेवरच्या माणसाला दोन्ही बाजूंची लिपी वाचता येणे ही निष्ठेची नव्हे, जगण्याची गोष्ट होती.

या प्रदेशातील बहुसंख्य लोक म्हणजे आगरी, कोळी, कुणबी, डोंगराच्या कुशीतील कातकरी आणि ठाकूर. मिठागरे त्यांनी बांधली, खारजमिनींत भात त्यांनी पिकवला. अरबी समुद्राच्या व्यापारातून आलेल्या मुसलमानांची वस्तीही फार जुनी. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला, तेव्हा तेथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वसाहत होती. त्यांचे वंशज म्हणवणारे कोकणी मुसलमान आजही घरात कोकणी वळणाची मराठी बोलतात. या सर्वांविषयी स्वतंत्रपणे लिहावयास हवे. आज मात्र आम्हांला लिहावयाचे आहे ते दोन लहान समाजांविषयी. त्यांतील एक समाज यहुद्यांचा आहे आणि दुसरा आपला.

रायगडातील यहुदी स्वतःला ‘बेने इस्रायल’, म्हणजे इस्राएलची संतती म्हणवतात. त्यांच्या परंपरेनुसार फार प्राचीन काळी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते नेमके केव्हा आले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. निश्चित आहे ते पुढचे. त्यांनी येथील भाषा घेतली, वेश घेतला आणि तेलाचा घाणा घेतला. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद राही, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावात राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून लावले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, चौलकर ही आडनावे वाचताना त्यांमागे यहुदी घर असेल अशी शंकाही परक्यास येणार नाही.

आता एक प्रश्न साहजिकच मनात येतो. धर्मग्रंथ हरवलेला, जगातील इतर यहुद्यांशी संपर्क तुटलेला आणि सत्ताधीश दर पिढीला बदलणारे. अशा स्थितीत हा समाज विरघळून कसा गेला नाही? उत्तर अगदी साधे आहे. त्यांनी शब्बाथ सोडला नाही, आठव्या दिवशीची सुंता सोडली नाही, आणि पंख व खवले नसलेला मासा खाल्ला नाही. पुढे त्यांना शोधून काढणाऱ्या दावीद राहाबी नावाच्या यहुद्याने याच माशांवरून त्यांना ओळखले, अशी त्यांची आठवण आहे. त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी लेवीय ग्रंथात निषिद्ध ठरलेले मासे आपणहून बाजूला काढले. प्रार्थनांपैकी त्यांच्या ओठांवर एकच उरली होती : देव एकच आहे असे इस्राएलला बजावणारी ‘शमा’. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे शास्त्र्याने विचारले असता प्रभू येशूने याच प्रार्थनेने उत्तराचा आरंभ केला, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आपण वाचतो. ते शब्द आपल्या शेजारच्या गावातील एका तेल्याच्या घरी शतकानुशतके उच्चारले जात होते, हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

हरवलेला ग्रंथ त्यांना परत कसा मिळाला, ही कथाही मोठी विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढल्या आणि जुना करार मराठीतून त्यांच्या हाती दिला. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले. उद्देश अर्थातच धर्मांतराचा होता. प्रत्यक्षात ख्रिस्ती झाले ते थोडेच. उलट मराठी बायबल आणि मराठीतून शिकलेली हिब्रू यांच्या आधाराने हा समाज आपल्या पूर्वजांच्या धर्मात अधिक दृढ झाला. देवाच्या योजना मिशनऱ्यांच्या योजनांशी जुळतातच असे नाही!

समाजाचे पहिले सभास्थान सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईत बांधले. पेणमध्ये सभास्थान उभे राहिले १८६३ साली. त्याचे नाव ‘बेथ हा-एलोहिम’, म्हणजे देवाचे घर. आणि १८८० साली या समाजाने अगदी मराठमोळी गोष्ट केली. त्यांनी कीर्तनास आरंभ केला. नारदीय कीर्तनाचीच चाल, तेच पूर्वरंग आणि उत्तररंग. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. या उपक्रमाचे अग्रणी होते बेंजामिन शिमशोन अष्टमकर. आडनावावरून त्यांचे मूळ गाव कोणते हे सांगावयास नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीतून छापले गेले, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. कुंडलिकेच्या काठच्या माणसांनी हीच वाट आपापली शोधली, हेही आपल्याला ठाऊक असावयास हवे.

याच नदीच्या मुखाशी आपला समाज आहे. १७४० साली पोर्तुगिजांनी चौल मराठ्यांच्या हवाली केले. सत्तेबरोबर ज्यांना जाणे शक्य होते ते गेले. कोर्लईच्या किल्ल्याखालचे गरीब ख्रिस्ती तेथेच राहिले. त्यांच्या घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संयोगातून जन्मलेली एक बोली आजही बोलली जाते. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा म्हणतात. तिचे भाषक जेमतेम हजाराच्या घरात आहेत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला, तोपर्यंत तिची दखल घेणारे थोडेच होते. येथे एक फरक लक्षात घ्यावा. यहुद्यांनी धर्म जपला आणि भाषा येथील घेतली. कोर्लईकरांनी धर्मही जपला आणि वेगळी भाषाही जपली. कारण ते एकाच गावात एकवटलेले होते. धर्मामुळे आसपासच्या गावांशी सोयरीक होत नव्हती आणि गोव्याशी संबंध विरळ झाला होता. पेण, रोहा, अष्टमी, चौल अशा अनेक गावांत एकेक-दोनदोन घरांनी विखुरलेल्या यहुद्यांना वेगळी भाषा परवडण्यासारखी नव्हती.

कोर्लईचे चर्च कार्मेल पर्वताच्या मातेस समर्पित आहे. कार्मेल हा एलिया संदेष्ट्याचा पर्वत. बआलच्या पुरोहितांपुढे त्याने अग्नी मागितला तो तेथेच. आणि बेने इस्रायल समाजाचे सर्वांत लाडके नाव कोणते? एलियाहू हन्नाबी, म्हणजे तोच एलिया. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर एक खूण आहे. स्वर्गारोहणाच्या वेळी एलियाच्या रथाच्या घोड्याचा टाप तेथे उमटला, अशी त्यांची श्रद्धा असून नवस फेडण्यासाठी ते तेथे जातात. तेव्हा जो प्रसाद होतो त्यास ‘मलिदा’ म्हणतात. शब्द फारसी, दर्ग्यांतही चालणारा, पदार्थ पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचा, आशीर्वाद हिब्रू. पेणच्या पोह्यांना याहून मोठा मान कोणता मिळावा!

१९४८ नंतर हा समाज इस्राएलकडे निघाला. कोणी हाकलून लावले म्हणून नव्हे, तर पूर्वजांच्या भूमीची ओढ म्हणून. तेथे गेल्यावर मात्र त्यांच्या विवाहांविषयी तेथील धर्ममंडळाने शंका घेतली. ज्यांनी ग्रंथाशिवाय धर्म राखला त्यांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करण्यासाठी आंदोलन करावे लागले. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले. पुढे त्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले. इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. तोपर्यंत पेणमध्ये त्यांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष लागतात, हा त्यांचा नियम आहे. दहा जमले नाहीत तर सभास्थान उघडते, दिवा लागतो, पण प्रार्थनेचे काही भाग म्हणता येत नाहीत. मिस्सेला दहा माणसे आली नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्या छोट्या धर्मग्रामांना हे दुःख समजू शकेल.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते तेथे जन्मले. त्यांनी ‘कुराणसार’ संपादित केले, तसेच ‘ख्रिस्तधर्मसार’ही. असा माणूस याच तालुक्यातून यावा, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही. पण तो आमचा भाबडेपणाही असू शकेल. ख्रिस्तसभेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे यहुद्यांशी असलेले आपले नाते २८ ऑक्टोबर १९६५ रोजी नव्याने उच्चारले. दुर्दैव असे की तेव्हा आपले यहुदी शेजारी सामान बांधत होते.

आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी अनेक गट रेवदंडा व कोर्लई पाहण्यास जातात. मुंबईकडून जाताना पेण वाटेतच लागते. तेथे सभास्थान पाहावयाचे असल्यास आधी विचारून परवानगी घ्यावी, शनिवार टाळावा, कारण तो त्यांच्या उपासनेचा दिवस आहे. पुरुषांनी डोके झाकून आत जावे. खिशातील स्वच्छ रुमाल चालतो. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. आणि तेथे कोणी वडीलधारे भेटले तर त्यांच्याशी निःसंकोच मराठीतच बोलावे.