अंड्यातलं पाणी किती जाऊ द्यायचं?

घरगुती उबवणी यंत्र आणलं की सगळ्यांचं लक्ष तापमानाच्या आकड्याकडे लागतं. पंख्याच्या यंत्रात तो ३७.५ अंश सेल्सिअसवर स्थिर हवा. पंखा नसलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात अंड्यांच्या माथ्याशी तो अंशभर जास्त धरतात. उष्णता वाढली तर गर्भ दगावतात, थोडी कमी पडली तर पिल्लं एकविसाव्याऐवजी बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी येतात. पण साधा थर्मोस्टॅटही आता हे काम बऱ्यापैकी सांभाळतो. पूर्ण वाढ झालेलं पिल्लू कवचातच मेलेलं सापडलं, तर मी आधी चौकशी करीन ती पाण्याची.

कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, वाफ बाहेर जाते. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटायला हवं. जितकं पाणी जातं, तितकी रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते. कवच फोडण्याआधी पिल्लू याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. पाणी कमी गेलं तर पोकळी अपुरी राहते आणि पिल्लू ओलसर, फुगलेलं होऊन गुदमरतं. जास्त गेलं तर आतला पडदा सुकून चिवट होतो आणि पिल्लू त्यालाच चिकटतं.

म्हणून यंत्रात आर्द्रता पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवतात. ती राखायला किती पाणी घालायचं, हे मात्र गावागणिक बदलतं. कोकणात पावसाळ्यात बाहेर २६ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर तीच हवा यंत्रात तापल्यावर तिची आर्द्रता ४७ टक्क्यांच्या घरात येते. म्हणजे पाण्याचं भांडं जवळजवळ कोरडं ठेवलं तरी चालतं. विदर्भातल्या मे महिन्यात ४२ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची हवा आत गेली तर आकडा २० टक्क्यांच्याही खाली जातो. तिथे भांडं सतत भरलेलं हवं. विदर्भात आणखी एक अडचण आहे. हे यंत्र तापवू शकतं, गार करू शकत नाही. खोलीच सदतीस-अडतीस अंशांवर गेली तर बल्ब बंद राहूनही अंडी तापत राहतात. मे महिन्यात घरात पुरेशी थंड खोली मिळत नसेल, तर उबवण पुढे ढकलावी.

अंडी आपोआप फिरवणाऱ्या महाग यंत्राआधी मी ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्यायला सांगीन. ४५ ग्रॅमचं गावरान अंडं अठराव्या दिवशी साडेएकोणचाळीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. आठवड्याला एकदा वजन केलं की पाणी वाढवायचं की कमी करायचं, हे अंडंच सांगतं. आर्द्रतामापक पारखून घ्यायचा असेल, तर ओलसर केलेल्या मिठासोबत तो बंद डब्यात रात्रभर ठेवा. त्याने ७५ टक्के दाखवले पाहिजेत.

अंडी अर्थातच फलित हवीत. दुकानातली अंडी बहुधा कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांची असतात, त्यांतून काही निघणार नाही. आठवड्यापेक्षा जुनी घेऊ नयेत आणि धुऊ नयेत, कारण कवचावरचं नैसर्गिक आवरण निघून जातं. दिवसातून किमान तीन वेळा ती फिरवावीत, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. हृदय तर त्याच्या कितीतरी आधी धडधडू लागलेलं असतं. ॲरिस्टॉटलने तिसऱ्या दिवशीचं अंडं फोडून रक्ताच्या ठिपक्यासारखं हलणारं हृदय पाहिलं होतं आणि तसं लिहूनही ठेवलं. ज्यात शिरा नाहीत ती अंडी काढून टाका, नासली तर फुटून सगळं यंत्र बिघडवतात.

वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नका. यंत्रावर जाड गोधडी टाका, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठतेच. तासाभराचा गारवा गर्भ सहसा सोसतो.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं आणि झाकण बंद. कवचाला पहिला टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. या वेळात ते पडद्यातल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक शरीरात ओढून घेत असतं. दया येऊन आपण कवच सोललं, तर त्या शिरा फुटून पिल्लू रक्तस्रावाने मरू शकतं. झाकण उघडलं की आर्द्रताही झटकन खाली येते आणि शेजारच्या अंड्यांतले पडदे सुकतात. आलेली पिल्लं अंग कोरडं होईपर्यंत आतच राहू द्या. पोटात बलक असतो, त्यावर दोन दिवस ती उपाशी राहू शकतात.

त्यानंतर पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. राणीखेत रोगावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात द्यायची असते. कुपीत खूप मात्रा असतात, म्हणून गावातल्या दोन-चार कोंबडीवाल्यांनी मिळून आणलेली बरी पडते. आणि पिल्लांतले जवळपास निम्मे नर निघतील, त्यांचं काय करायचं हे अंडी यंत्रात ठेवण्याआधीच घरात बोलून घ्या.