वणव्यानंतर गोठा सावरताना

फाल्गुन-चैत्रात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील सागाची पाने गळतात व रानात वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली काडी असो की पेरणीपूर्वी पेटविलेला धुरा, वारा सुटला की आग रानालगतच्या गोठ्यापर्यंत पोचते. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते, तो यामुळेच.

दगावलेले जनावर सर्वांना दिसते. पण कुटाराची गंजी जळाली की वाचलेली जनावरेही उपाशी राहतात किंवा मिळेल त्या भावात विकली जातात. मग मृगात वखराला बैल नसतो. म्हणून मदतीचा क्रम आम्ही येथे देत आहोत.

पहिले काम उपचाराचे. भाजलेल्या भागावर स्वच्छ थंड पाणी घालावे. राख किंवा शेण लावू नये. धुराचा त्रास उशिरानेही दिसतो, म्हणून धडधाकट वाटणारी जनावरेही पशुवैद्यकाला दाखवावीत.

दुसरे काम कागदाचे. मेलेले जनावर पुरण्यापूर्वी तलाठ्याकडून पंचनामा करून पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा. कानातील १२ अंकी बिल्ल्यासह छायाचित्र काढावे. खड्डा बुजला की पुरावाही बुजतो. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत आगीचा समावेश आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,००० व शेळीला ४,००० रुपये ठरविले होते.

तिसरे काम चाऱ्याचे. मोठ्या जनावराला रोज साधारण ६ किलो कोरडा चारा धरला, तर पाच जनावरांना महिन्याला ९ क्विंटल लागतो. एका घराला हे ओझे आहे. पण ३० घरांनी प्रत्येकी ३० किलो कुटार दिले की महिना निघतो. पाऊस पडून गवत येईपर्यंत ही पाळी चालवावी आणि पेरणीला सावडीने बैलजोडी द्यावी.

मदतीची यादी सातबाऱ्यावरून केली तर भूमिहीन मजूर सुटतो. त्याच्या चार शेळ्या हीच त्याची पुंजी असते. म्हणून यादी घरोघर जाऊन करावी आणि ती त्याच्यापासून सुरू करावी.

विद्यार्थ्यांना एक सांगणे आहे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझविताना वनमजुरांचे प्राण गेले. तेव्हा धूर दिसताच एकट्याने धावू नका. आधी वनरक्षकाला कळवा, गाव गोळा करा. जळालेला गोठा शेजाऱ्यांच्या हातांनीच पुन्हा उभा राहतो, आणि ते हात आपलेच असावेत.