लिनक्स कंटेनर व आभासी यंत्र
एकाच संगणकावर अनेक कार्यक्रम परस्परांपासून अलग राखून चालविण्याच्या दोन पद्धती. दोहोंतील मूलभूत भेद परिचालन प्रणालीच्या गाभ्याशी, म्हणजे स्मृती, प्रक्रियक इ. साधनांचे नियंत्रण करणाऱ्या मध्यवर्ती भागाशी, निगडित आहे. प्रत्येक आभासी यंत्रास स्वतःचा गाभा असतो. याउलट यजमान संगणकावरील सर्व कंटेनर त्याचा एकच लिनक्स गाभा वापरतात.

आभासी यंत्राची कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीमुळे एका मोठ्या संगणकावर प्रत्येक वापरणाऱ्यास स्वतंत्र संगणक मिळाल्याप्रमाणे काम करता येई. यंत्रसामग्रीचा असा आभास निर्माण करणाऱ्या कार्यक्रमास हायपरव्हायजर म्हणतात. लिनक्सच्या गाभ्यात त्यासाठी केव्हीएम ही सोय २००७ मध्ये समाविष्ट झाली.

कंटेनर हा वस्तुतः यजमानाच्या गाभ्यावर चालणाऱ्या सामान्य प्रक्रियांचाच गट होय. ‘नेमस्पेस’ या यंत्रणेमुळे त्या प्रक्रियांना फक्त स्वतःच्या फाइली, जाळे व सहप्रक्रिया दिसतात. तर ‘सीग्रुप’ या यंत्रणेने त्यांच्या स्मृतीच्या व प्रक्रियकाच्या वापरावर मर्यादा घालता येते. सीग्रुपचा समावेश गाभ्यात २००८ मध्ये झाला व २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे कंटेनरांचा प्रसार झपाट्याने झाला.

वेगळा गाभा सुरू करावा लागत नसल्याने कंटेनर सेकंदाच्याही आत सुरू होऊ शकतो आणि स्मृतीची बचत होते. मात्र सामाईक गाभ्यात दोष असल्यास सर्वच कंटेनर धोक्यात येतात. २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या ‘डर्टी काऊ’ या दोषाचा उपयोग कंटेनरबाहेर पडण्यासाठी होऊ शकतो, असे दाखविण्यात आले. आभासी यंत्रेही पूर्णतः अभेद्य नाहीत. त्यांच्या आभासी फ्लॉपी नियंत्रकात ‘व्हेनम’ हा दोष २०१५ मध्ये आढळला होता. तथापि हायपरव्हायजरचा पृष्ठभाग गाभ्याहून लहान असल्याने हल्ल्याचे मार्ग तेथे कमी असतात.

यावरून निवडीचे तत्त्व स्पष्ट होते. एकाच संस्थेचे, परस्परांवर विश्वास ठेवता येईल असे कार्यक्रम चालवावयाचे असल्यास कंटेनर सोयीचे ठरतात. अपरिचित ग्राहकांचे कार्यक्रम शेजारी-शेजारी चालवावयाचे असल्यास, अथवा विंडोज किंवा वेगळ्या आवृत्तीचा गाभा आवश्यक असल्यास, आभासी यंत्रच योग्य होय. पुष्कळदा आभासी यंत्राच्या आत कंटेनर चालवून दोहोंचे लाभ साधतात. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुले केलेले फायरक्रॅकर हे अतिशय हलकी आभासी यंत्रे निर्माण करून हे अंतर आणखी कमी करते.