जुन्या गाडीला मोठी चाके : हौस आणि हिशेब

प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. 1882 मध्ये त्यांचा जन्म याच शहरात झाला. त्यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून आधी अमेरिकेच्या डॉज व प्लिमथ आणि पुढे इटलीच्या फियाट गाड्या बाहेर पडल्या. 1964 मध्ये आलेली फियाट 1100 डिलाइट कालांतराने ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घरोघरी पोहोचली. हिंदुस्थान मोटर्सने 1984 ते 2002 या काळात काढलेल्या कॉन्टेसाला तर लांब बॉनेटमुळे ‘भारताची मसल कार’ असे बिरूदच मिळाले. एमएच 13 क्रमांकाची अशी एखादी गाडी नव्याने रंगवून घेतली, की मालकाच्या मनात पुढचा विचार हमखास येतो तो मोठ्या अलॉय चाकांचा. हा बदल करण्यापूर्वी त्यामागील हिशेब समजून घेणे आवश्यक आहे.

मोठे काय होते?

चाकाची उंची दोन गोष्टींनी ठरते : रिमचा व्यास आणि त्यावरील टायरच्या भिंतीची उंची. टायरवर 175/70 आर 14 असे लिहिले असेल, तर 175 मिलिमीटर ही रुंदी, 70 म्हणजे रुंदीच्या 70 टक्के इतकी भिंतीची उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि 14 इंच हा रिमचा व्यास होय. या चाकाचा एकूण व्यास सुमारे 60 सेंटिमीटर भरतो. 185/60 आर 15 आणि 195/50 आर 16 या मापांचाही व्यास जवळपास तेवढाच आहे. म्हणजेच रिम दोन इंचांनी वाढूनही चाकाची उंची तीच राहते. कमी होते ते रबर. पहिल्या टायरची भिंत सव्वाबारा सेंटिमीटरची, तर तिसऱ्याची दहा सेंटिमीटरपेक्षाही कमी असते.

पद्मिनीला मुळात 5.20-14 मापाचे, उंच भिंतीचे टायर असत. रस्त्याचा पहिला धक्का हेच टायर सोसत. पातळ भिंतीचा टायर लावल्यास तो धक्का थेट रिम, बेअरिंग आणि सस्पेन्शनपर्यंत जातो. महामार्ग सोडून तालुक्याच्या रस्त्याला लागताच खड्ड्यांतून याचा प्रत्यय येतो. रिमला पोचा पडणे किंवा तडा जाणे हा त्यातील मोठा धोका होय.

एकूण व्यासच वाढवला तर वेगळी अडचण उभी राहते. 60 सेंटिमीटरऐवजी 64 सेंटिमीटरचे चाक बसवल्यास स्पीडोमीटर ताशी 60 किलोमीटर दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 64 च्या वेगाने धावत असते. पद्मिनीच्या 1,089 सीसीच्या इंजिनाला चढावर ओढ कमी पडते ती निराळीच.

नव्या गाडीचे कारण जुन्या गाडीला लागू नाही

आधुनिक गाड्यांची चाके केवळ शोभेसाठी वाढलेली नाहीत. वेग आणि वजन वाढले, तसे मोठे डिस्क ब्रेक आवश्यक झाले आणि त्यांना जागा देण्यासाठी रिमही मोठे झाले. जुन्या पद्मिनीत मात्र रिमच्या आत ड्रम ब्रेकच असतात. चाक मोठे केल्याने त्यांची शक्ती वाढत नाही. उलट जड चाक थांबवण्यासाठी त्यांना अधिक श्रम पडतात. रुंद टायरमुळे पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी गल्लीत वळवतानाही दमछाक होते. म्हणून चाकांवर खर्च करण्यापूर्वी ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि बेअरिंग यांची तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

बसवण्यापूर्वी काय मोजावे?

रिमला असलेल्या बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, हबशी तंतोतंत जुळायला हवा. ‘थोडे दाबून बसते’ असे म्हणून कसलेले नट वाटेत सैल होऊ शकतात. मधले छिद्रही हबवर नीट बसले पाहिजे. ऑफसेट बदलून चाक बाहेर आले, तर बेअरिंगवर ताण येतो. आत गेले तर टायर सस्पेन्शनला घासतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडीत पाच माणसे बसवून टायर मडगार्डला लागत नाही ना, हे पाहावे. टायरवरील भारांकही तपासावा : 82 म्हणजे प्रत्येक टायरला 475 किलो, 84 म्हणजे 500 किलो. एकाच आसावर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीचा क्रॉस-प्लाय टायर कदापि लावू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत नमूद असलेल्या तपशिलांत बदल घडेल असा फेरफार वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही भूमिका अधिक स्पष्ट केली. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणीला सामोरे जावे लागते. तेथे बाहेर डोकावणारी चाके नजरेत भरतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही असा बदल अडसर ठरू शकतो.

जुन्या गाडीचे मोल मूळ स्वरूपातही असते. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार, 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूप जपलेल्या आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसलेल्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. 1964 च्या फियाटने ही पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे.

तेव्हा मोठी चाके लावायचीच असतील, तर एकूण व्यास कायम ठेवून रिम फार तर एका इंचाने वाढवावे, मडगार्ड कापू नये आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी. काढलेली मूळ रिमे मात्र भंगारात देऊ नयेत. अलॉय चाके बाजारात कधीही मिळतील. कारखान्यातून गाडीबरोबर आलेली चाके पुन्हा मिळणे कठीण.