गाडी तुटते म्हणजे काय?

सत्तरीच्या भूमीवर रेल्वेचा रूळ नाही. परंतु लोंढा आणि मिरज ही जंक्शने गोमंतकीयांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. ‘जंक्शनवर गाडी तुटते’ असे आपण म्हणतो, तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच क्रियापदाने सांगतो. त्यांतील भेद समजून घेण्याजोगा आहे.

पहिली गोष्ट रुळांच्या मापाची. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग ७६२ मिलिमीटरचा. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या योजनेतून १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी मार्ग सुरू झाला. पुढे तो १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला व १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. कुर्डुवाडीवरून जाणारा मुंबई-सोलापूर मार्ग मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्यामुळे छोटा डबा तेथेच थांबे आणि पंढरीचा वारकरी गाठोडे उचलून गाडी बदली. येथे तुटे तो प्रवास.

दुसरी गोष्ट शाखांची. शाखांचे माप एकच असेल, मग ते अरुंद असो वा मीटरगेज, तर माणसाऐवजी डबाच मार्ग बदलू शकतो. लोंढ्याला मुरगाव, बेळगाव व हुबळीकडील रूळ १९९० च्या दशकातील रुंदीकरणापर्यंत मीटरगेजचे होते. अशा ठिकाणी दोन शाखांचे डबे आरंभापासूनच क्रमाने लावावे लागतात. जंक्शनवर ब्रेकची नळी सोडवून मग कडी काढतात. निर्वात ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ब्रेक आपोआप लागतात. म्हणून प्रत्येक भागाची नळी बंद करून एंजिनाने ती पुन्हा निर्वात करावी लागते. मागच्या भागाला दुसरे एंजिन हवे, दोन्ही भागांना गार्ड हवा. पुढच्या भागाच्या नव्या शेवटच्या डब्यास शेपटीचा दिवा लावणे तर अनिवार्य. कारण तो दिसला तरच गाडी अखंड आली, हे पुढच्या स्थानकास कळते.

तुटण्याचा तिसरा प्रकार मात्र यंत्रशास्त्रात बसत नाही. कॅसलरॉकच्या दोन्ही बाजूंस रूळ एकाच मापाचे होते, तरीही १९५५ मध्ये गोव्याची सीमेपलीकडील रेल्वे वाहतूक बंद पडली. कडी, नळी, चाके यांत काहीच बिघडले नव्हते. ती वाट पुन्हा जोडली जाण्यासाठी १९६१ ची मुक्ती यावी लागली.

म्हणून ‘गाडी तुटली’ असे कोणी म्हटले, तर आपण आधी विचारावे: रुळांमुळे, शाखेमुळे की माणसांमुळे?